क्रूझच्या आधी मुंबईत एक दिवस: नागपूरकरांसाठी पायरीपायरीनं आखणी

क्रूझच्या जाहिरातीत ‘मुंबई ते गोवा’, ‘मुंबई ते लक्षद्वीप’ असं मोठ्या अक्षरात छापलेलं असतं. नागपूर ते मुंबई हा टप्पा मात्र ज्याचा त्यालाच बसवावा लागतो, आणि सहलीचा खरा कस तिथंच लागतो. रेल्वेनं हे अंतर सुमारे ८४० किलोमीटर आहे. गाडी चार तास उशिरा धावो, दिल्लीच्या धुक्यामुळे विमान रखडो किंवा भिवंडीजवळ ट्रकांच्या रांगेत मोटार अडको, जहाज आपल्या वेळेला सुटतं. हॉटेलात रात्री बाराला पोचलो तरी खोली आपलीच असते. जहाज चुकलं तर बहुतेक कंपन्यांच्या नियमांप्रमाणे पैसे परत मिळत नाहीत.

म्हणून क्रूझला निघालेल्या प्रत्येक नागपूरकर कुटुंबाला मी आग्रहानं सांगेन: बोर्डिंगच्या आदल्या दिवशी सकाळी मुंबईत पोचा, रात्री धक्क्याजवळ राहा आणि दुसऱ्या दिवशी पुरती झोप झालेल्या अंगानं जहाजावर चढा. एका रात्रीच्या हॉटेलचा खर्च वाढतो, हे खरं आहे. पण चार जणांच्या क्रूझच्या तिकिटांपुढे तो लहान असतो, आणि त्या बदल्यात मुंबईचा सगळ्यात देखणा भाग पायी बघायला अख्खा दिवस मिळतो. फक्त हा दिवस नीट आखायला हवा.

तारखा आधी जुळवा

क्रूझचं बुकिंग बरेच लोक चार-सहा महिने आधी करतात. रेल्वेचं आरक्षण मात्र १ नोव्हेंबर २०२४ पासून प्रवासाच्या ६० दिवस आधीच उघडतं. या दोन्हींच्या मधल्या काळात ‘तिकीट काढायचंच आहे’ हे लक्षातून निसटतं आणि मग प्रतीक्षायादी हाती येते. क्रूझचे पैसे भरले त्याच दिवशी मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये ६० दिवस आधीची तारीख टाका आणि सकाळी आठचा गजर लावा. परतीच्या तिकिटाची तारीख वेगळी येते, तीही टाका.

मोजणी अशी करा. जहाज शुक्रवारी संध्याकाळी सुटणार असेल, तर बुधवारी संध्याकाळी किंवा रात्री नागपूरहून निघायचं, गुरुवारी सकाळी मुंबई, गुरुवारची रात्र हॉटेलात आणि शुक्रवारी बोर्डिंग. गुरुवारी रात्री निघून शुक्रवारी सकाळी पोचण्याचा हिशेब कागदावर बसतो आणि अनेकजण तसंच जातात. पण गाडी पाच-सहा तास रखडली तर तो पार कोलमडतो, आणि रखडली नाही तरी रात्रभराच्या प्रवासानं आंबलेलं अंग घेऊन तासन्तास रांगेत उभं राहावं लागतं. सोबत आईवडील असतील तर हा पर्याय नकोच.

मुंबईहून क्रूझचा हंगाम साधारण ऑक्टोबर ते मे असतो. या काळातले काही दिवस नागपूरकरांनी खास तपासावेत. ६ डिसेंबरच्या महापरिनिर्वाण दिनासाठी विदर्भातून फार मोठा जनसमुदाय चैत्यभूमीला जातो. रेल्वे विशेष गाड्या सोडते, तरी त्या दोन-चार दिवसांत जागा मिळणं कठीण असतं. क्रूझ त्याच सुमारास असेल तर तिकीट आरक्षण उघडल्या उघडल्या काढा. डिसेंबरात विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन नागपुरात असतं. आमदार, अधिकारी, पत्रकार शुक्रवारी मुंबईकडे निघतात आणि रविवार-सोमवारी परततात, त्यामुळे त्या आठवड्यांत शुक्रवारची मुंबईची विमानं महाग होतात. जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी मुंबई मॅरेथॉन असते. ती छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या परिसरातूनच सुरू होते आणि दक्षिण मुंबईतले रस्ते सकाळभर बंद असतात. त्या रविवारी बोर्डिंग असेल तर शनिवारचा मुक्काम धक्क्यापासून चालत जाता येईल इतक्या जवळ हवा. आणि ३१ डिसेंबरच्या रात्री गेटवे, कुलाबा, मरीन ड्राइव्ह या भागात राहायचं तर गर्दी आणि वाहतुकीचे निर्बंध धरूनच चाला.

जायचं कशानं

माझी पहिली पसंती रेल्वेला आहे, आणि तीही छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला संपणाऱ्या गाडीला. क्रूझ टर्मिनल या स्थानकापासून जेमतेम दीड-दोन किलोमीटरवर आहे. विदर्भ एक्सप्रेस, नागपूर-मुंबई दुरंतो आणि सेवाग्राम एक्सप्रेस या तिन्ही गाड्या तिथंच जातात. विदर्भ सकाळी लवकर पोचवते, दुरंतो त्यानंतर आणि सेवाग्रामला दुपार होते. एकाच दिवसाच्या मुक्कामासाठी पहिल्या दोन बऱ्या. विदर्भ गोंदियाहून आणि दुरंतो नागपूरहूनच सुटत असल्यानं आपल्याकडून निघताना त्या सहसा वेळेवर असतात. हावड्याहून येणाऱ्या मेल किंवा गीतांजलीला नागपूरपर्यंत येतानाच हजारभर किलोमीटरचा प्रवास झालेला असतो, त्यामुळे उशीर सोबत घेऊनच ती येण्याची शक्यता जास्त. कुर्ल्याच्या लोकमान्य टिळक टर्मिनसला संपणाऱ्या गाड्यांचं तिकीट सहज मिळतंय म्हणून लगेच घेऊ नका. तिथून सामानासह फोर्टपर्यंत सकाळच्या गर्दीतून यायला तास-दीड तास जाऊ शकतो.

जागा मिळालीच नाही तर तत्काळ आहे: वातानुकूलित वर्गाचं आदल्या दिवशी सकाळी दहाला, शयनयानाचं अकराला उघडतं. पण चार-पाच जणांच्या कुटुंबानं त्यावर विसंबू नये.

विमानानं सोनेगावहून मुंबई दीड तासात येते. आदल्या दिवशीचंच विमान घ्या, शक्यतो सकाळचं. संध्याकाळची विमानं दिवसभराचा उशीर गोळा करत येतात. तिकिटावर दोन गोष्टी वाचा. पहिली, विमानतळ कोणता: नवी मुंबईच्या नव्या विमानतळावरून डिसेंबर २०२५ पासून प्रवासी उड्डाणं सुरू झाली आहेत, आणि तिथून बॅलार्ड पिअरला, म्हणजे क्रूझच्या धक्क्याला, येणं म्हणजे खाडी ओलांडून बरंच अंतर. दुसरी, जुन्या विमानतळावर उतरणार असाल तर टर्मिनल एक की दोन. या दोन्ही टर्मिनलजवळ भुयारी मेट्रोची स्थानकं आहेत आणि ऑक्टोबर २०२५ पासून ही तिसरी मार्गिका थेट कफ परेडपर्यंत जाते. गाडी न बदलता, वरच्या वाहतुकीत न अडकता तुम्ही छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस किंवा हुतात्मा चौकाला उतरू शकता. एकेकाकडे एकच चाकांची बॅग असेल तर मेट्रो उत्तम. पाच मोठ्या बॅगा आणि गुडघे दुखणारी आजी असेल तर सरळ मोठी टॅक्सी करा.

समृद्धी महामार्गाचं आकर्षण मला समजतं. ५ जून २०२५ ला इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला आणि ७०१ किलोमीटरचा रस्ता पूर्ण झाला. शिवमडक्याहून निघालं की आठ-नऊ तासांत भिवंडीजवळ आमण्याला पोचता येतं. पण क्रूझसाठी मी हा मार्ग सुचवत नाही, आणि त्याला दोन कारणं आहेत. आमण्याच्या पुढे ठाणे-भिवंडीची वाहतूक सुरू होते आणि तिथं किती वेळ जाईल याचा अंदाज बांधता येत नाही. दुसरं म्हणजे दक्षिण मुंबईत तीन-चार दिवस मोटार ठेवायची कुठे? ठाण्यात किंवा कल्याणला कुणी जवळचं असेल, त्यांच्या सोसायटीत गाडी ठेवता येत असेल आणि आळीपाळीनं चालवणारे दोघं असतील, तरच हा विचार करा. निघण्याआधी टायर आणि त्यातली हवा तपासून घ्या. लांबच लांब सरळ सिमेंटच्या रस्त्यावर टायर तापतात आणि चालवणाऱ्याला झापडही येते. दर दोन तासांनी थांबा.

राहायचं कुठे, आणि नातेवाइकांचं काय

आपल्यापैकी बहुतेकांचं कुणी ना कुणी मुंबईच्या बाजूला असतं. मावशी डोंबिवलीला, आत्या ठाण्याला, मित्र खारघरला. ‘हॉटेलात कशाला उतरता, घर आहे ना’ हा फोन येतोच, आणि त्यातली माया खरी असते. तरीही आदल्या रात्री तिथं राहू नका. सकाळी आठ ते अकरा या वेळेत मोठ्या बॅगा घेऊन लोकलमध्ये चढणं जवळजवळ अशक्य असतं. रविवारी बोर्डिंग असेल तर मध्य आणि हार्बर मार्गावर मेगाब्लॉक असतो. टॅक्सीनं निघालं तरी डोंबिवलीहून फोर्टला किती वेळ लागेल हे कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. मावशीला आधीच सांगून टाका की परतताना दोन दिवस तुझ्याकडेच येतोय. तेव्हा घाई नसते, गप्पा निवांत होतात आणि जहाजावरचे फोटोही दाखवता येतात.

मुक्कामासाठी फोर्ट, बॅलार्ड इस्टेट, टर्मिनस स्थानकाचा परिसर, चर्चगेट आणि कुलाबा एवढाच भाग बघा. इथून धक्का टॅक्सीनं पाच ते वीस मिनिटांत येतो. दादर खाण्यापिण्याला आणि खरेदीला आपलंसं वाटतं, पण एकाच रात्रीसाठी ते लांबच पडतं. अंधेरी-विमानतळाच्या बाजूची हॉटेलं स्वस्त दिसली तरी नकोत. सकाळच्या दक्षिणेकडच्या वाहतुकीत तीच पुन्हा अडचण उभी राहते.

बुकिंग करण्यापूर्वी हॉटेलला स्वतः फोन करा आणि काही गोष्टी स्पष्ट विचारा. गाडी सकाळी सातला पोचणार आहे, खोली दुपारी बाराला किंवा दोनला मिळणार असेल तर तोवर सामान ठेवून घ्याल का? आंघोळीची सोय होईल का? लिफ्ट आहे का, आणि ती खोलीच्या मजल्यापर्यंत जाते का? हा शेवटचा प्रश्न फोर्टमध्ये अगदी महत्त्वाचा. तिथली बरीच जुनी लॉजेस दगडी इमारतींच्या वरच्या मजल्यांवर आहेत, काहींना फक्त लाकडी जिना आहे. फोटोत खोली सुरेख दिसते, जिना दिसत नाही. बोर्डिंगच्या दिवशी खोली सोडल्यावर दोन-तीन तास बॅगा ठेवता येतील का, हेही विचारून घ्या.

पैसे वाचवायचे असतील तर स्थानकावरच्या विश्रामगृहाचा पर्याय चांगला आहे. खात्रीचं तिकीट असेल तर त्याच्या पीएनआर क्रमांकावर आयआरसीटीसीच्या संकेतस्थळावरून खोली मिळते, मात्र जागा लवकर भरतात. नुसतं सामानच ठेवायचं असेल तर स्थानकाची क्लोकरूम आहे. बॅगेला कुलूप असेल तरच ती घेतात, म्हणून सीताबर्डीवरून निघण्याआधीच छोटी कुलपं घेऊन ठेवा.

कागदपत्रं

भारतातल्या भारतात जाणाऱ्या क्रूझसाठीही प्रत्येक प्रवाशाचं मूळ ओळखपत्र लागतं, लहान मुलांचंसुद्धा. तिकिटावरचं नाव आणि ओळखपत्रावरचं नाव अक्षर न् अक्षर जुळायला हवं. आपल्याकडे लग्नानंतर आधारवर एक नाव आणि इतर कागदांवर दुसरं असं बऱ्याच बायकांचं असतं. बुकिंग करतानाच जे ओळखपत्र नेणार त्यावरचं नाव लिहा. पॅनकार्डावर पत्ता नसतो, त्यामुळे हॉटेलात ते सहसा चालत नाही. आधार, मतदार ओळखपत्र, वाहन परवाना किंवा पारपत्र यांपैकी एक हाताशी ठेवा.

लक्षद्वीपच्या बेटांवर उतरायचं असेल तर बाहेरच्या भारतीय नागरिकांनाही प्रवेश परवाना लागतो. क्रूझ कंपनी ही प्रक्रिया करून देत असेल, तर तिनं मागितलेली कागदपत्रं दिलेल्या मुदतीत पाठवा. शेवटच्या आठवड्यावर टाकू नका. जहाज परदेशी बंदराला लागणार असेल तर पारपत्र आलंच, आणि त्याची मुदत प्रवासानंतर किमान सहा महिने शिल्लक हवी. नूतनीकरण बाकी असेल तर क्रूझ ठरवण्याआधीच ते उरकून घ्या.

घरात कुणी गरोदर असेल किंवा तान्हं बाळ असेल तर कंपनीचे नियम नीट वाचा. अनेक कंपन्या २४ आठवड्यांपुढच्या गरोदरपणात आणि सहा महिन्यांहून लहान बाळाला जहाजावर घेत नाहीत. हे धक्क्यावर कळलं तर परत फिरण्याशिवाय इलाज नसतो.

वेब चेक-इन ही शेवटची पायरी, पण सगळ्यात जास्त लोक इथंच ढिलाई करतात. त्यात बोर्डिंगची वेळ निवडायला मिळते आणि सामानाला लावायच्या पट्ट्याही मिळतात. नागपूरहून निघण्याच्या आधीच सगळं छापून घ्या. प्रत्येक कागदाचे दोन संच करा, एक हातातल्या पिशवीत आणि एक दुसऱ्या कुणाकडे.

बॅग भरताना

जहाजावर चढताना मोठी बॅग आधी तुमच्याकडून घेतली जाते आणि काही तासांनी केबिनपाशी येते. म्हणून एक छोटी पिशवी वेगळी करा: रोजची औषधं, कागदपत्रं, चष्मा, चार्जर, एक जोडी कपडे आणि मुलांचे पोहण्याचे कपडे. मुलं जहाजावर पाऊल ठेवताक्षणी तरणतलाव शोधतात आणि कपडे बॅगेत अडकलेले असतात.

डिसेंबर-जानेवारीत नागपुरात कडाक्याची थंडी असते आणि आपण स्वेटर, शाल, कानटोपी भरत जातो. मुंबईत दुपारी घाम येतो. एक हलकं जॅकेट पुरे: गाडीतल्या एसीसाठी आणि रात्री डेकवरच्या वाऱ्यासाठी.

खाण्याचं काय? प्रवासाला निघताना डब्यात चिवडा, शंकरपाळे आणि संत्रा बर्फी नसेल असं नागपूरकर घर क्वचितच असेल. पण बाहेरचे खाद्यपदार्थ जहाजावर नेऊ न देणाऱ्या कंपन्या बऱ्याच आहेत, आणि सामान तपासणीत डबे बाहेर काढून ठेवावे लागतात. शिदोरी गाडीपुरती आणि मुंबईच्या मुक्कामापुरतीच न्या, उरलेलं हॉटेलातल्या कुणाला तरी देऊन टाका. बाळाचं अन्न आणि पथ्याचं खाणं याबद्दल कंपनीला आधीच लिहून परवानगी घ्या. इस्त्री, पाणी तापवायची किटली, मद्य, सुरी-चाकू याही गोष्टी अडवल्या जातात. देवपूजेसाठी निरांजन आणि काडेपेटी नेणाऱ्यांनी ती घरीच ठेवावी. जहाजावर आगीचे नियम फार कडक असतात.

बोट लागण्याची भीती असेल तर नागपुरातच आपल्या डॉक्टरांना विचारून गोळ्या घ्या. या गोळ्या त्रास सुरू होण्याआधी घेतल्या तरच नीट लागू पडतात, आणि काहींनी झोप येते. रक्तदाबाची किंवा इतर औषधं चालू असलेल्यांनी विचारल्याशिवाय घेऊ नयेत.

मुंबईतला तो एक दिवस

सकाळी हॉटेलात सामान टाकलं, आंघोळ झाली, नाश्ता झाला की दिवस तुमच्या हाती आहे. मुंबई एका दिवसात बघायचा हट्ट करू नका. सिद्धिविनायक, हाजी अली, जुहू आणि राणीचा बाग अशी यादी केली तर सगळा वेळ टॅक्सीत जाईल आणि दुसऱ्या दिवशी पाय सुजलेले असतील. फोर्टमध्येच थांबा. त्या एवढ्याशा भागात इतकं काही आहे की दिवस पुरत नाही.

सुरुवात स्थानकापासूनच करा. गाडीतून उतरून घाईनं बाहेर पडतो, तेव्हा आपण ती इमारत बघतच नाही. आता रस्त्याच्या पलीकडे उभं राहून वर बघा: घुमट, दगडात कोरलेले प्राणी आणि पानंफुलं. फ्रेडरिक स्टीव्हन्सनं आराखडा केलेली ही इमारत १८८८ साली पूर्ण झाली आणि २००४ पासून जागतिक वारसा यादीत आहे. ग्रेट इंडियन पेनिन्सुला (जी. आय. पी.) रेल्वेचं हे मुख्यालय होतं, आणि याच कंपनीची गाडी १८६७ साली नागपूरला पोचली. आपल्या गावाचा मुंबईशी जोडलेला सगळा व्यवहार, कापूस असो की संत्री, याच रुळांवरून वाढला.

तिथून डॉ. दादाभाई नवरोजी मार्गानं हुतात्मा चौकाकडे चाला. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात प्राण दिलेल्यांचं स्मारक तिथं आहे. मुलांना इथं दोन मिनिटं उभं करून सांगावं, असं मला मनापासून वाटतं. पुढे हॉर्निमन सर्कलची गोल बाग आणि तिच्यासमोर एशियाटिक सोसायटीच्या उंच पायऱ्या. हा टाउन हॉल १८३३ चा. पायऱ्यांवर बसून थोडं पाणी प्या आणि मग बॅलार्ड इस्टेटकडे वळा.

बॅलार्ड इस्टेट मी मुद्दाम सांगते आहे, कारण उद्या तुम्ही जिथून जहाजावर चढणार त्या जागेचा इतिहास या रस्त्यांत आहे. आजचा इंदिरा डॉक म्हणजे १९१४ साली सुरू झालेला अलेक्झांड्रा डॉक. तो खणताना निघालेल्या मातीनं समुद्रात भर घातली गेली आणि त्या जमिनीवर हा परिसर उभा राहिला. इथल्या इमारतींना एकसारखं रूप दिलं जॉर्ज विटेट या वास्तुविशारदानं. गेटवे ऑफ इंडिया आणि छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय ही कामंही त्याचीच. विलायतेहून येणाऱ्या बोटी बॅलार्ड पिअरला लागत आणि उतारू धक्क्यालगतच्या मोल स्थानकातून थेट आगगाडीत बसत. १९२८ साली सुरू झालेली फ्रंटियर मेल बोटींच्या हंगामात इथूनच पेशावरकडे निघायची. १४ एप्रिल १९४४ ला जवळच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजावर दारूगोळ्याचा भीषण स्फोट झाला. आग विझवताना गेलेल्या जवानांच्या स्मरणार्थ देशभर त्या दिवशी अग्निशमन सेवा दिन पाळतात. आता याच धक्क्यावर मुंबई आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनल उभं आहे. त्याचं उद्घाटन २० सप्टेंबर २०२५ ला झालं. चालताना त्याचं प्रवेशद्वार लांबून बघून ठेवा, उद्या टॅक्सीवाल्याला सांगायला बरं.

दुपारचं जेवण इथंच करायचं असेल तर १९२३ पासूनचं ब्रिटानिया हे इराणी रेस्टॉरंट बॅलार्ड इस्टेटमध्ये आहे. तिथला बेरी पुलाव प्रसिद्ध आहे. हे दुपारच्या जेवणाचं ठिकाण आहे, लवकर जा. शाकाहारी थाळी हवी असेल तर फोर्ट-चर्चगेट भागात पर्याय भरपूर आहेत. मुंबईची मिसळ तर्रीच्या सवयीला सौम्य वाटेल, पण उद्या बोटीवर चढायचं आहे म्हणून हा दिवस सौम्य खाण्याचाच असावा. उघड्यावरची चटणी, बर्फाचा गोळा, उशिराचं मसालेदार मटण हे परतीला ठेवा. पोट बिघडलेल्या माणसाला समुद्र दुप्पट लागतो.

जेवणानंतर दोन तास खोलीवर झोपा. रात्रीचा रेल्वेप्रवास झालेला आहे, तो जाणवतो.

संध्याकाळी गेटवेला जा. ४ डिसेंबर १९२४ ला उद्घाटन झालेल्या या कमानीसमोर उभं राहिलं की मागे ताजमहाल हॉटेल दिसतं, आणि ते गेटवेहून जुनं, १९०३ सालचं. जमशेटजी टाटांनी ते उभारलं, त्याच जमशेटजींनी १८७७ साली नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली होती. घरातल्या कुणा आजोबा-पणजोबांनी त्या गिरणीत काम केलं असेल तर ही गोष्ट ताजसमोर उभं राहून मुलांना सांगायलाच हवी. तिथून मरीन ड्राइव्हला जाऊन सूर्यास्त बघा आणि नऊच्या आत जेवून खोलीवर या.

घारापुरीची लेणी या दिवसात बसवायचा मोह होतो. बोटीनं जायला तास, यायला तास, वर चढण, आणि सोमवारी लेणी बंद. सकाळी आठला मुंबईत पोचला असाल आणि अंगात उत्साह असेल तर फक्त घारापुरीच करा, बाकी सोडा. बोर्डिंगच्या दिवशी तर तिकडे फिरकू नका.

बोर्डिंगचा दिवस

या दिवशी फिरायचं नाही, खरेदी करायची नाही. सावकाश उठा, इडली-उपमा असा हलका नाश्ता करा आणि निवडलेल्या वेळेच्या अर्धा-पाऊण तास आधी निघा. जहाज संध्याकाळी सुटत असलं तरी प्रवाशांना घेणं त्याच्या बरंच आधी बंद होतं. तिकिटावर सुटण्याची आणि बोर्डिंग बंद होण्याची अशा दोन वेळा असतात. आपली वेळ दुसरी.

दक्षिण मुंबईत ऑटोरिक्षा नाहीत. टॅक्सीच करावी लागते. काळी-पिवळी टॅक्सी मीटरवर चालते, फेब्रुवारी २०२५ पासून किमान भाडं ३१ रुपये आहे, आणि एवढ्याशा अंतराला फार पैसे होत नाहीत. जवळच्या भाड्याला एखादा नाही म्हणेल, तर पुढच्याला विचारा किंवा हॉटेलला बोलावून द्यायला सांगा.

टॅक्सीवाल्याला नुसतं ‘क्रूझला जायचंय’ म्हणू नका. कुणी भाऊच्या धक्क्याला नेईल, जिथून मांडव्याची रो-रो, म्हणजे मोटारीही नेणारी बोट, सुटते, तर कुणी गेटवेला. तिकिटावर टर्मिनलचं आणि गेटचं जे नाव लिहिलं आहे तेच वाचून दाखवा, आणि सोबत ‘बॅलार्ड पिअर’ सांगा. बंदराचा परिसर सुरक्षित आहे, सोडायला आलेल्या नातेवाइकांना आत जाता येत नाही. निरोप हॉटेलातच घ्या.

टर्मिनलमध्ये सामानाची तपासणी, ओळखपत्रं, फोटो आणि मग एक कार्ड मिळतं. तीच केबिनची किल्ली आणि जहाजावरच्या खर्चाचं खातं. रांगेत आजी-आजोबांना बसायला जागा मागून घ्या, आणि चाकांची खुर्ची लागणार असेल तर बुकिंगच्या वेळीच नोंदवा. चढल्यावर सुरक्षेचा सराव असतो आणि तो सगळ्यांना बंधनकारक आहे. जहाजं सुटण्याआधीच तो करावा हा नियम २०१२ च्या कोस्टा कॉनकॉर्डिया या क्रूझ जहाजाच्या दुर्घटनेनंतर कडक झाला. जीवरक्षक जाकीट कुठे आहे, आपलं जमायचं ठिकाण कोणतं, हे मुलांकडून एकदा वदवून घ्या.

किनारा दूर जाताच मोबाइलची रेंज जाते. जहाजाचं स्वतःचं उपग्रहावर चालणारं नेटवर्क फोन आपोआप पकडू शकतो आणि त्याचं बिल जबर येतं. सुटण्याआधी घरी फोन करून घ्या आणि मग फोन विमान मोडवर टाका.

जहाज चेन्नईहून असेल तर

मुंबईहून सुटणाऱ्या कॉर्डेलिया या क्रूझ कंपनीच्या जहाजानं पावसाळ्यात चेन्नईहून श्रीलंकेच्या फेऱ्या केल्या आहेत. नागपूरहून तामिळनाडू एक्सप्रेस चेन्नई सेंट्रलला जाते, आणि बंदर तिथून जवळ आहे. पण ही गाडी दिल्लीहून येते, म्हणून इथंही एक दिवस आधीच पोचा आणि सेंट्रल-एग्मोर भागात राहा. पारपत्र आणि श्रीलंकेचा प्रवेश परवाना याबद्दल कंपनीकडून लेखी घ्या.

परतीचं तिकीट

जहाज सकाळी धक्क्याला लागलं तरी सगळे एकदम उतरत नाहीत. मजल्यांप्रमाणे बोलावतात, सामान शोधावं लागतं, आणि समुद्र खवळलेला असेल तर जहाजच उशिरा येऊ शकतं. त्यामुळे सकाळचं विमान घेऊच नका. दुपारी उशिराचं किंवा संध्याकाळचं घ्या. रेल्वेनं येणार असाल तर संध्याकाळी सातच्या सुमाराची विदर्भ एक्सप्रेस सोयीची आहे. सेवाग्राम दुपारी सुटते, तिला वेळ अपुरा पडू शकतो.

दुरंतो मुंबईहून मध्यरात्र उलटल्यावर सुटते. म्हणजे रविवारी रात्री तुम्ही स्थानकावर असाल, पण तिकीट सोमवारच्या तारखेचं लागेल. आरक्षण करताना ही तारीख घरातल्या दुसऱ्या कुणाकडून वाचून घ्या आणि मगच पैसे भरा.